फोटोतली मेंढी

पुएर्तो नातालेस
शुक्रवार, ३ जुलै

एदेल्मिरो,

वर ‘प्रिय’ लिहिलेले नाही, ते विसरून नव्हे. नन्सनी मला पत्रलेखन शिकवले, खोटे लिहायला शिकवले नाही.

काल तू गुरुवारच्या गाडीने गावात आलास, दाढ काढून घेतलीस आणि तोंडात कापूस धरून वाचनालयात शिरलास. हिवाळी प्रदर्शनात तेवीस फोटो आहेत. बावीस सोडून तू माझ्याच फोटोसमोर पाव तास उभा राहिलास, फरशीवर बुटांचा चिखल सांडत. ग्रंथपाल बाईंना वाटले, भावाला बहिणीचे कौतुक वाटते आहे. त्या कौतुकाने म्हणाल्या, “छान आहे ना सिंहीण?” (पर्यटक तिला प्यूमा म्हणतात, आपल्याकडे सिंहीणच.) त्यावर तू म्हणालास, “सिंहीण कुणाची ते माहीत नाही. मेंढी माझी आहे.” कापसातून बोललास, तरी साऱ्या खोलीला कळले. बाई हसल्या. “मेलेली मेंढी ओळखता तुम्ही?” तू काचेवर बोट ठेवलेस. तो डाग अजून तसाच आहे, मी आज बघून आले. “कान माझा आहे,” म्हणालास आणि निघून गेलास. माझे घर तिथून दोन गल्ल्यांवर आहे. तुझे पाय तिकडे वळले नाहीत.

संध्याकाळी पाव आणायला गेले तर पाववाला विचारतो, “काय ओतिलियाबाई, सिंहिणीला भावाच्या घरचं जेवण वाढलं म्हणे?”

एदेल्मिरो, तो फोटो काढायला मी मेअखेरपासून नऊ दिवस बर्फात पालथी पडले आहे. माझे वय अडुसष्ट आहे. निवृत्त होताना हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीतली एक जुनी पांढरी चादर मी घरी आणली (आणली म्हणजे आणली, तू विचारू नकोस), ती अंगावर ओढून ला पोर्फिआ फार्मच्या खालच्या कुरणात, टेकडीच्या पायथ्याशी, सहा सहा तास पडून राहायचे. बॅटऱ्या काखेत, नाहीतर थंडीने जीव सोडतात. श्वास खाली सोडायचा, वर सोडला तर काचेवर बर्फ होतो. बर्फाचा फोटो कॅमेऱ्याला कळत नाही, तो पांढऱ्याला राखाडी करून ठेवतो. प्रकाश अंदाजाने वाढवून द्यावा लागतो. अडतीस वर्षे माणसांच्या आतले फोटो काढले म्हणून मला तो अंदाज आहे. स्टोव्हच्या धुराड्याएवढ्या लेन्सा घेऊन येणाऱ्या पर्यटकांना नाही.

आणि सात जूनला ती आली. एका डोळ्याची. माग काढणारे तिला काणी म्हणतात. मिशांवर बर्फ, समोर मेंढी, आणि तो उरलेला एक डोळा थेट माझ्याकडे. गावातल्या प्रत्येकाने तो डोळा पाहिला. तू तेवढा डाव्या कोपऱ्यात बर्फातून वर आलेला कान पाहिलास.

हो, कानाला माशाच्या शेपटीसारखा काप आहे. ती बाबांची खूण आहे, आणि आता तुझी आहे. मला कुणी शिकवायला नको; दर डिसेंबरात कोकरे मी धरायची आणि तू रडायचास. पण तुझ्या मेंढ्या कुंपण ओलांडून कुठेही जातात हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. एखादी ला पोर्फिआत भटकली असेल, काणीने मारली असेल. यात माझा काय संबंध?

वाचनालयात जाऊन ‘चूक झाली’ एवढे सांग. तेवढेच म्हणणे आहे.

ओतिलिया

*

पुएर्तो नातालेस
गुरुवार, ९ जुलै

एदेल्मिरो,

गाडीवाल्याने तुझे उत्तर दिले. मिठाच्या पोत्याचा तुकडा फाडून त्यावर लिहिलेल्या मजकुराला उत्तर म्हणायचे असेल तर.

“पंचवीस किलोमीटर. मध्ये नदी. मेंढी पोहत नाही. सिंहीण मेंढी घेऊन पोहत नाही. – ए.”

चार वाक्ये. शाळेत तुला निबंधात नापास केले ते उगाच नाही.

बरे. मेंढी काणीने मारलेली नव्हती. ती आधीच मेलेली होती, बर्फाने. या हिवाळ्यात किती मेल्या हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मला एक मेलेली मेंढी मिळाली आणि मी ती थोडी हलवली. एवढेच. जिवंत प्राण्याला मी हात लावलेला नाही. मेलेले मांस कोल्ह्यांनी खाल्ले असते, कोंडोर गिधाडांनी खाल्ले असते, ते तिने आणि तिच्या तीन पिल्लांनी खाल्ले. यात कुणाचे काय गेले ते मला सांग.

तू सांगायच्या आधी बेलार्मिनो येऊन गेला, तेही ऐक.

तुला आठवतो तोच बेलार्मिनो, बाबांबरोबर सिंह मारत फिरायचा तो. आता पर्यटकांना त्याच सिंहांच्या मागावर नेतो. माणूस तोच, फक्त बंदूक घरी ठेवली आहे. काणी कुठल्या टेकडीवर बसते हे मला त्यानेच सांगितले होते. मंगळवारी आला, टोपी काढली, खुर्चीच्या काठावर टेकला. येर्बाचा गरम चहा करून पुढे केला तर हात लावला नाही. तेव्हाच मला कळले.

“ओतिलियाबाई, एक विचारतो. रागावू नका.”

“विचारा. रागवायचं की नाही ते नंतर बघू.”

“ती मेंढी तिथं कुणी ठेवली?”

“मेंढ्या ठेवाव्या लागतात का? चांगले चार पाय असतात त्यांना.”

“मेलेलीला असले तरी चालत नाहीत.” टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. “वेन्सेस्लाओ म्हणतो मी ठेवली. पर्यटकांना दाखवायला. सोमवारपासून मला ला पोर्फिआच्या फाटकातून आत सोडत नाही.”

वेन्सेस्लाओ म्हणजे तिथला कारभारी. त्या माणसाला मी ओळखते. त्याच्या बरगड्या दोनदा तपासल्या आहेत. आत फारसे काही नाही.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, बेलार्मिनोनं सिंह मारले असतील, पण जेवायला बोलावून फसवला एकही नाही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुम्ही तर नाही ना, बाई?”

“बेलार्मिनो, मी नन्सच्या शाळेत शिकले आहे.”

“म्हणूनच विचारतोय.”

एदेल्मिरो, मी खोटे बोलले नाही. नन्सच्या शाळेत मी खरोखरच शिकले आहे. तो टोपी घालून गेला. येर्बा निवून गेला.

आता तू म्हणशील, ओती नेहमीचेच करते. आधी लपवते आणि मग वर चिडते. अकरा वर्षांपूर्वी आईच्या शवपेटीपाशी तू साऱ्या गावादेखत हेच म्हणाला होतास. “हिनं आईच्या छातीत मरण पाहिलं, आणि मला तीन आठवडे लोकर कातरू दिली.” तुझ्या हातांना तेव्हाही लोकरीच्या तेलाचा वास येत होता. आईचा एक्स-रे मीच काढला होता आणि ती सावली मी पाहिली होती, हे मी कधी नाकारले नाही. पण कातरणीच्या ऐन हंगामात तुला बोलावून काय केले असतेस? सावली पुसली असतीस?

हे पत्र त्या विषयावर नाही. मी दमले आहे. वाचनालयात जाऊन सांगायचे नसेल तर नको सांगूस. पण निदान आणखी कुठे बोलू नकोस.

ओतिलिया

*

पुएर्तो नातालेस
बुधवार, २२ जुलै

एदेल्मिरो,

तुझा दुसरा तुकडा मिळाला. “अर्धी कबुली देऊ नकोस. कुठून उचललीस?” उत्तर द्यायला सहा दिवस घेतले. दोन दिवस राग होता, चार दिवस दुसरेच काहीतरी.

काल पाववाल्याकडे कळले. ला पोर्फिआच्या खालच्या कुरणात अकरा मेंढ्या गेल्या. आधी सात, मग चार. सगळ्या त्याच टेकडीच्या पायथ्याशी, जिथे मी पांढरी चादर घेऊन पडले होते तिथून दगड मारला तर पोहोचेल इतक्यावर. वेन्सेस्लाओ म्हणतो, काणी मेंढ्यांना चटावली आहे, एकदा चटावलेली सिंहीण सुधारत नाही. शनिवारी पहाटे कुत्रे सोडणार आहे. आणि सिंहाच्या मागावरचे कुत्रे या भागात आता एकाच माणसाकडे उरले आहेत. तू हो म्हणालास, असेही कळले.

सिंह मारायला कायद्याने बंदी आहे हे तुला माहीत आहे, वेन्सेस्लाओला माहीत आहे, बहुधा कुत्र्यांनाही माहीत आहे. पण बर्फाने रस्ता बंद झाला की कायदाही अलीकडेच अडकतो. आणि ताज्या बर्फावर माग काढायला आंधळाही चालतो. दोन दिवस पडतोच आहे.

तेव्हा आता पूर्ण सांगते.

मेंढी तुझ्या फाटकाशी होती. तू मेलेल्या मेंढ्या सोलून कुंपणाला लागून रचून ठेवतोस, बाबा ठेवायचे तशा. एक न सोललेली होती, गेल्या वर्षी जन्मलेली, लाकडासारखी गोठलेली. मी ती ताडपत्रीवर ओढली आणि गाडीत घातली. एक्स-रे खोलीत मी याहून जड माणसे उचलली आहेत, आणि ती कण्हायची.

पण मी तुझ्या फाटकापर्यंत मेंढीसाठी आले नव्हते.

एदे, मी तुला भेटायला आले होते. चार जूनला. गाडीत कालाफातेच्या रानबोरांचा मुरंबा होता, आई करायची तसा. फाटकाशी गाडी उभी केली. धुराड्यातून धूर येत होता, तू घरात होतास. तुझे कुत्रे भुंकले, मग दमून गप्प झाले. मी तासभर तशीच बसून राहिले. काय बोलायचे ते मी मनात तीनदा रचले, आणि तिन्ही वेळा शेवटी तुलाच दोष देऊन मोकळी झाले. मग वाटले, एवढे आलो आहोत तर रिकाम्या हाताने जायचे नाही. कुंपणाशी ती मेंढी दिसली. दार ठोठावायला धीर झाला नाही, मेंढी चोरायला झाला. मुरंबा परत आणला. अजून तसाच आहे.

तुझी मेंढी मी ला पोर्फिआत ओढत नेली आणि पायथ्याशी टाकली. तीन दिवसांनी काणी आली. मला फोटो मिळाला.

आता बाबा काय म्हणायचे ते आठव. सिंहिणीला जिथे एकदा आयते मिळते तिथे ती परत परत येते, तिथे काही नाही हे कळेपर्यंत. आणि यावेळी तिथे काही नाही असे झालेच नाही, वेन्सेस्लाओने नेमक्या त्याच कुरणात हिवाळ्याचा कळप आणून ठेवला. ती चटावलेली नाही. तिला मी तिथे बोलावले. कळप महिनाभर दुसरीकडे हलवा, हाडे उचला, ती चार दिवस वास घेईल आणि वर रानातल्या ग्वानाकोंच्या कळपामागे जाईल, तेच तिचे खरे भक्ष्य. हे मला तू सांगायला हवे, मी तुला नव्हे. ती मेली तर तिची तीन पिल्ले आठवड्याने मरतील. ती माझ्या हाताने मरतील. कुत्रे तुझे असतील एवढेच.

कुत्रे नेऊ नकोस.

(नंतर) गाडीवाल्याला फोन केला. उद्या गाडी नाही. खिंडीत छातीइतका बर्फ आहे. तुझ्या घोड्याला रस्ता लागत नाही, माझ्या पत्राला लागतो. हे सहा पानी पत्र माझ्या टेबलावरच राहणार, आणि तू शनिवारी पहाटे निघणार.

*

पुएर्तो नातालेस
शुक्रवार, २४ जुलै

एदे,

हेही तुला पोहोचणार नाही, तरी लिहिते, कारण गप्प बसवत नाही.

सकाळी दहाला रेडिओ केंद्रावर गेले. दुपारी बाराला कुरणांसाठी निरोप वाचतात ते तूही ऐकतोस, सारेच ऐकतात. त्या वेळी कुणी भांडेसुद्धा वाजवत नाही. निरोप वाचणारी सोइला. लहानपणी तिचा मोडलेला हात मी तपासला होता. तिने माझा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

“ओतिलियाबाई, निरोप म्हणजे ‘आजीच्या गोळ्या गाडीनं पाठवल्यात’. ‘मारुहाला मुलगी झाली’. हे काय आहे?”

“निरोप आहे.”

“हे साऱ्या मुलखाला ऐकू जाईल.”

“पत्र टाकलं तर वसंतात पोहोचेल. त्याला आज कळायला हवं.”

“मग नुसतं ‘कुत्रे नेऊ नकोस’ म्हणते की. बाकीचं कशाला?”

“बाकीचं नसेल तर तो का ऐकेल?”

तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, “बरं. पण फार लांब आहे. तीन-चार वाक्यं करा. माझ्याकडे गोळ्या आहेत, बाळंतिणी आहेत, ट्रॅक्टरचे भाग आहेत.”

तिथेच बाकावर बसून खोडले. सिस्टर आउरेलिया कबुलीच्या आधी बजावायच्या, पाप सांगताना विशेषणे लावू नयेत, ती आपल्याच बाजूने साक्ष देतात. आधी विशेषणे गेली. मग कारणे गेली. मग वेन्सेस्लाओविषयीची दोन वाक्ये गेली, ती चांगली होती. बारा वाजून सात मिनिटांनी सोइलाने वाचले ते एवढे:

“सेर्रो पेलादो इथले एदेल्मिरो ओयार्सो आणि ला पोर्फिआचे कारभारी यांच्यासाठी. सिंहिणीला मेंढी मी घातली, बेलार्मिनोने नव्हे. मेंढी तुझ्या फाटकावरून चोरली. ती आली कारण मी बोलावले, कुत्रे नेऊ नकोस. बहीण ओतिलिया.”

सोइलाचा आवाज ‘चोरली’ला थोडा अडखळला. मग तिने लगेच कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा पट्टा आल्याचे सांगितले.

घरी आले तर तासाभरात दार वाजले. बेलार्मिनो. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा फोटो.

“उतरवून आणला,” म्हणाला. “खिळा तेवढा राहिलाय भिंतीत.”

“आत या.”

“नको.” फोटो दाराला टेकवून ठेवला. “अठरा दिवस, बाई. अठरा दिवस मी त्या फाटकाबाहेर उभा राहिलोय.”

“मला माहीत होतं.”

“तुम्हाला माहीत होतं, तेच सलतंय. नसतं माहीत तर कधीच विसरलो असतो.”

मी फोटो उचलून आत घेतला.

तो दोन पायऱ्या उतरला आणि मागे न वळता म्हणाला, “तुमच्या भावाचा रेडिओ चालू असतो का?”

तेच तर मला माहीत नाही, एदे. तू दुपारी घरात होतास की कुत्र्यांना खायला घालत होतास. रेडिओच्या बॅटऱ्या तुझ्याकडे आहेत की नाहीत. ऐकलेस तर काय केलेस. उद्या नऊच्या सुमाराला उजाडते. मी फक्त वाट बघू शकते. त्याची मला सवय नाही. एक्स-रे खोलीत वाट दुसरे बघायचे.

ओ.

*

ला पोर्फिआ, स्वयंपाकघर
गुरुवार, ३० जुलै, दुपार

एदे,

तू समोरच्या बाकावर झोपला आहेस, तोंड उघडे टाकून. माझे बेशुद्ध पेशंटसुद्धा याहून जिवंत दिसायचे. जेवण झाले, वेन्सेस्लाओ आपल्या खोलीत घोरतो आहे, आणि तू उठायच्या आत मला हे लिहायचे आहे. तीन दिवस आपण एकमेकांशी सतत बोलतो आहोत आणि जे बोलायचे ते एकही वाक्य बोललेलो नाही.

आधी आपले काय काय झाले ते मांडते, म्हणजे मनात नीट लागते. शनिवारी तू इथे आलास, पण घोड्यावर, कुत्र्यांशिवाय. वेन्सेस्लाओने तुझ्याशी तासभर वाद घातला. त्याने मला सांगितले ते असे: “तुमचा भाऊ म्हणाला, माझ्या बहिणीनं घाण केली, ती आम्ही उपसतो. तू तुझा कळप वरच्या कुरणात घे.” आणि वेन्सेस्लाओ म्हणाला, “घेतो, पण बर्फ कंबरेएवढा आहे. वाट तुडवून द्या. बुधवारपर्यंत झालं नाही तर कुत्रे बोलवेन, तुझे नाहीतर लांबून दुसऱ्याचे.” रविवारी दुपारी सोइलाने मला निरोप वाचला. “नातालेसच्या ओतिलिया ओयार्सो यांच्यासाठी. बूट घेऊन ये. हात कमी आहेत. एदेल्मिरो.” साऱ्या मुलखाने ऐकले. पाववाल्याने रस्त्यासाठी पाव दिले आणि यावेळी काही विचारले नाही.

सोमवारी बर्फाच्या नांगराने रस्ता उघडला. बेलार्मिनोने मला गाडीतून आणले. संपूर्ण वाट तो गाडीशी बोलला.

तू फाटकाशी उभा होतास. मी गाडीतून उतरले. अकरा वर्षे, एदे. मला वाटले, काहीतरी म्हणशील.

“तू माझ्या मागं चाल,” म्हणालास. “वजन कामाचं आहे तुझं.”

“तोंडातला कापूस निघाला वाटतं.”

“निघाला. दाढ परत उगवली नाही तेवढं बरं.”

मग आपण वाट तुडवली. आधी घोडे, मागून तू, मी, बेलार्मिनो आणि दोन गडी, एकामागे एक, पाय उचलायचा आणि ठेवायचा, पाय उचलायचा आणि ठेवायचा. मागे साऱ्या मेंढ्या एका रांगेत, पुढचीच्या शेपटीला नाक लावून. पहिली थांबली की सगळ्या थांबायच्या. दुसऱ्या दिवशी मी दोनदा पडले. तू हात दिलास आणि लगेच सोडलास. बेलार्मिनो माझ्याशी अजून बोलत नाही. जेवताना वेन्सेस्लाओला सांगतो, “बाईंना म्हणावं, मीठ इकडे द्या.” मी मीठ वेन्सेस्लाओकडे देते.

काल हाडे उचलली. तुझ्या मेंढीची आणि त्या अकरांची, पोत्यात भरून नेली. कुरण रिकामे झाले. तिथेच बेलार्मिनोला माग दिसला, आदल्या रात्रीचा. ती आली होती, कुंपणाच्या आतून फिरली, जिथे मी मेंढी टाकली होती तिथे बसली आणि परत गेली. तिचे पाऊल आणि मागोमाग लहान पावले. दोन पिल्लांची. मी तीन पाहिली होती. तूही मोजलीस, बेलार्मिनोनेही मोजली. हिवाळ्यात एखादे जातेच, असे मी स्वतःला सांगते. पण हे मी आता सगळ्याच गोष्टींबद्दल सांगत बसेन, म्हणून थांबते.

ती टेकडीवर गेली की आणखी कुठल्या कळपाकडे, हे अजून कुणाला ठाऊक नाही. वेन्सेस्लाओ रोज सकाळी मोजतो. सोमवारपासून एकही कमी नाही. तो म्हणतो, रविवारपर्यंत बघू.

आता ते.

आईच्या बाबतीत मी अकरा वर्षे लोकांना सांगत आले की आईनेच मला गप्प राहायला सांगितले होते. ते खोटे आहे. आईने काही सांगितले नव्हते. तिला एक्स-रेचे काही कळत नव्हते, ती मला विचारायची, “छान आलाय का गं फोटो?” मी हो म्हणायचे. आणि रोज विचारायची, “एदे कधी येणार?” मी म्हणायचे, कातरणी संपली की. ती म्हणायची, मग बरं, लोकर भिजता कामा नये. तिला वाटत होते की तू कामामुळे येत नाहीस. तुला वाटत होते की आई बरी आहे. दोघांच्या मध्ये मी उभी होते आणि मला वाटत होते की मी दोघांना सांभाळते आहे. खरे तर मला तुझ्यासमोर ते म्हणायचे नव्हते. एवढेच. तोंडाने म्हणायचे नव्हते. म्हणून तुझी आणि आईची भेट झाली नाही. कातरणीमुळे नाही, बर्फामुळे नाही.

हे मी तुला समोर सांगू शकले असते, तुडवताना, तीन दिवस तू माझ्यापुढे दीड हातावर होतास, तुझ्या कोटाची शिवण मला पाठ झाली आहे. पण तेव्हा

तू उठलास. मोजे शोधतो आहेस, ते स्टोव्हवर आहेत.

“कुणाला लिहितेस?”

“तुला.”

“मी मेलोय का?”

“झोपला होतास. जवळपास तेच.”

“काय लिहिलंयस?”

हे तुझे शब्द तुझ्यासमोरच उतरवते आहे, आणि तू त्याकडे वेड्यासारखा बघतो आहेस. आता हात वर केलास. “गप. ऐक.”

बाहेर, फार वर, ग्वानाको ओरडतो आहे. खिंकाळल्यासारखा, कुणी घशात हसल्यासारखा. थांबतो आणि परत ओरडतो. तू म्हणतोस, “उगाच ओरडत नाही तो. वर आहे ती. त्यांच्याच मागं आहे.” मेंढ्यांकडे नाही. ग्वानाकोंकडे. वेन्सेस्लाओला उठवायला तू त्याच्या दारावर लाथ मारलीस. बेलार्मिनो दारात आला आहे, दुर्बीण गळ्यात. माझ्याकडे बघून म्हणतो, माझ्याकडे, “बाई, येताय का? उजेड तासभर आहे.”

तू बूट चढवतो आहेस.

“ते जे काय लिहिलंयस ते वाटेत सांग,” म्हणालास. “चढ आहे. मला मध्ये बोलता येणार नाही.”